मामांचे कोरे करकरीत जुने जाकीट

सोमवारी सकाळी दहा वाजेपर्यंत भिंगरावांना एक जाकीट तीस वर्षांनी म्हातारे करायचे होते, आणि आज बुधवार होता.

जाकीट पलंगावर पडले होते. तपकिरी चामड्याचे, लोकरी कॉलरचे, वैमानिक घालतात तसले. नवे तर इतके, की खोलीत पाऊल टाकले की आधी त्याचा वास पुढे येऊन नमस्कार करी. बाही उचलली की ते करकरे आणि खाली ठेवली की रुसल्यासारखे पुन्हा करकरे. अंगावर एक सुरकुती नाही, एक ओरखडा नाही. भिंगराव त्याच्याकडे असे बघत होते, जसे एखाद्याने वऱ्हाडात आजोबा म्हणून न्यायला पाळण्यातले पोर आणावे.

भिंगराव हे त्यांचे कचेरीतले नाव. विमा कंपनीच्या नुकसान-तपासणी विभागात त्यांची एकवीस वर्षे गेली होती आणि तेवढीच वर्षे त्यांच्या सदऱ्याच्या खिशात एक जाड भिंग होते. कुणी जळका पडदा घेऊन येई, कुणी चेपलेले दार. भिंगराव डोळ्याला भिंग लावत आणि मान न उचलता सांगत, "हे दार परवा नाही चेपलं. हे दोन वर्षांपूर्वी चेपलं, आणि परवा तुम्ही त्याला हातोडीनं आठवण करून दिलीत." समोरचा माणूस पाणी मागे.

त्यांचे एक वचन विभागात पाठ होते : खरी झीज कामाच्या जागी असते, खोटी झीज नजरेच्या जागी. आणि त्यांनीच पाडलेली एक रीत होती, सोमवारचे वाचन. दर सोमवारी दहा वाजता टेबलावर एक वस्तू ठेवायची. ती कुणाची, कुठली, काही सांगायचे नाही. सगळ्यांनी मिळून तिचा इतिहास वाचायचा. वाचन संपेपर्यंत मालकाने तोंड उघडायचे नाही, हा कडक नियम. नियमही त्यांचाच. माणूस आपल्या हाताने खड्डा खणतो तेव्हा तो निदान मापाचा खणतो.

तर झाले असे, की विभागप्रमुख निवृत्त झाले. खुर्ची रिकामी झाली. ती आपलीच, असे भिंगराव इतके धरून चालले होते की त्या खुर्चीच्या करकरणाऱ्या पायाला त्यांनी तेल घालून ठेवले होते. पण निवड करायची होती नव्या साहेबांनी, आणि नवे साहेब विमा कंपनीत येण्यापूर्वी बावीस वर्षे हवाई दलात विमान चालवत होते. सरळ पाठीचा, कमी बोलणारा माणूस. मंगळवारी चहाच्या वेळी सगळे त्यांच्याभोवती उभे होते. कुणालाच काही सुचत नव्हते. आणि भिंगरावांच्या तोंडून निघून गेले, "माझे मामाही वैमानिक होते, साहेब. त्यांचं जाकीट आहे अजून घरी. तीस वर्षांचं."

साहेबांचे डोळे एकदम उजळले. "खरं? सोमवारी आणा. बघायला आवडेल मला."

मामा हवाई दलाच्या विमानतळावर होते, एवढे खरे. पण जमिनीवर. गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढायला गेले तरी त्यांना घेरी येई. ते पॅराशूटच्या घड्या घालत. जन्मभर एका लांब टेबलाशी उभे राहून रेशमासारख्या कापडाच्या घड्या, आणि घरी आले की सवयीने टॉवेलच्याही. त्यांच्यामागे उरले ते एक छत्री आणि चांगले घडी घातलेले सात टॉवेल. जाकीट नव्हते.

म्हणून बुधवारी भिंगरावांनी नवे आणले.

"हे काय?" बायकोने शिवणयंत्रावरून मान वळवून विचारले. ती घरीच कपडे शिवायची आणि दुरुस्त करायची. तोंडात चार टाचण्या धरूनही तिला स्पष्ट बोलता येई, विशेषतः नवऱ्याशी.

"मामांचं जाकीट."

"मामा जाऊन अकरा वर्षं झाली. त्यांनी दुकानातून पाठवलं का?"

भिंगरावांनी सगळे सांगितले. बायकोने ऐकून घेतले, टाचण्या काढल्या, एकेक उशीत टोचली. "मी जुन्याचं नवं करते, तर लोक दारात रांग लावतात. तुम्ही नव्याचं जुनं करणार. चांगलं आहे. एकाच घरात दोन्ही सोयी." मग जाकीट उचलून तिने अस्तर चिमटीत धरले, आतली बाजू उलटीपालटी केली आणि एका ठिकाणी थांबली. "अहो, हे बघा, इथे..."

"तू राहू दे. तुझं काम वेगळं. यातलं तुला काय कळतं? झीज हा माझा विषय आहे."

बायकोने त्यांच्याकडे पाहिले. मग उशीतल्या टाचण्या काढून पुन्हा तोंडात धरल्या, चारही.

पलीकडे खिडकीशी आई बसली होती. तिला सरळ बोलणे जमत नसे असे नाही, पण टोमणा जुळवून मारला की तो चांगला बसतो असा तिचा अनुभव होता. ती भिंतीकडे बघत गुणगुणली,

"नव्याचं करी जुनं, असा शहाणा माझा बाळ,
उगवत्या दिवसाला म्हणे, लवकर हो संध्याकाळ."

गुरुवारी भिंगरावांनी ताप आल्याचे कळवले. मोबाइलवर कुणा जाणकाराने लिहिले होते की चामडे अंगावर घालूनच भिजवावे आणि अंगावरच वाळू द्यावे, म्हणजे ते माणसाचा आकार धरते. भिंगराव जाकीट घालून, चेन गळ्यापर्यंत ओढून शॉवरखाली उभे राहिले. पाणी आधी नुसतेच ओघळले. मग आत शिरले. मग जाकीट पाणी पिऊ लागले, आणि जे पाऊण तास प्यायले, ते पाहता मामांच्या नव्हे पण एखाद्या तहानलेल्या उंटाच्या घराण्यातले नक्की होते. भिंगराव बाहेर आले तेव्हा पुढच्या खोलीत बायको एका गिऱ्हाईक बाईच्या खांद्याचे माप घेत होती. तपकिरी पाण्याची एक रेघ त्यांच्यामागून दरवाजापर्यंत आली होती.

"कोण हे?" बाईंनी हळूच विचारले.

"आमचे हे. वाळायला चाललेत," बायको म्हणाली. "पुढून साडेचौदा."

भिंगराव बाल्कनीत उन्हात खुर्चीवर बसले. दुपारपर्यंत चामड्याने खरोखरच आकार धरला. जो होता तोच धरला : खुर्चीत बसलेल्या, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवलेल्या, भुकेल्या माणसाचा. जेवायला हाक आली तशी भिंगराव उभे राहिले. जाकीट बसलेलेच राहिले. कोपरे सरळ होईनात. घास तोंडाजवळ जाई आणि चार बोटांवरून परत फिरे. चेन ओढली तर ती गळ्याशी फुगून अशी बसली होती की वर नाही, खाली नाही.

"कापून काढू?" बायकोने कात्री दाखवली. तिच्या आवाजात फार दिवसांनी उत्साह होता.

"खबरदार."

आईने त्यांना भात भरवला. बेचाळीस वर्षांनी. तेवढ्यापुरता तिने टोमणा मारला नाही. घास मात्र मोठे दिले.

शुक्रवारी सकाळी भिंगराव त्याच बसक्या आकारात, दोन्ही हात पुढे धरून, कोपऱ्यावरच्या बूटदुरुस्तीवाल्याकडे गेले. रस्त्यात दोघांनी त्यांच्या हातात काही द्यायचे आहे की काय म्हणून थांबून पाहिले. बूटवाल्याने चष्मा कपाळावर चढवला, मेणबत्तीचा तुकडा चेनीवर घासला, पकडीने एक झटका दिला आणि भिंगराव सुटले.

"नवं दिसतंय," बूटवाला म्हणाला.

"जुनं करायचंय."

"मग घाला. दहा वर्षं घाला."

"माझ्याकडे सोमवारपर्यंत वेळ आहे."

बूटवाल्याने जाकीट मांडीवर घेतले आणि त्यावरून तळहात फिरवला, गुरांच्या पाठीवरून फिरवतात तसा. "साहेब, चामडं माणसाला हळूहळू ओळखतं. कुठल्या खांद्यावर ओझं घेतो, कुठं हात पुसतो, घाबरला की काय पकडतो. याला तुम्ही अजून कळला नाहीत. आणि चार दिवसांत जेवढे कळाल, तेवढं न कळलेलंच बरं."

असले बोलणे भिंगरावांना मोचीकाम वाटले. येताना त्यांनी पॉलिश पेपर विकत घेतला, एकशेवीस नंबरचा.

शनिवारी त्यांनी कोपरे घासली. आधी उजवे. मग डावे. मग डावे थोडे कमी वाटले म्हणून पुन्हा डावे, मग त्याच्या बरोबरीला उजवे. भिंग डोळ्याला लावून त्यांनी दोन्ही कोपरे अशी जुळवली, जशी सोनाराने कर्णफुले जुळवावीत. मग कढत कोरा चहा ब्रशाने खांद्यांवर लावला. मळके दिसायला पाहिजे, पण घाणेरडे नको, असा त्यांचा कटाक्ष होता. कंपनीचे लेबल उसवून काढले. खिशात दोन गोटे घालून ते दिवसभर दोरीवर टांगले. एकवीस वर्षे ज्या ज्या लबाडीसाठी त्यांनी लोकांना दारातून परत पाठवले होते, ती ती लबाडी ते क्रमाने करत होते, आणि विशेष म्हणजे त्यांना ती बरीच चांगली जमते आहे असे वाटत होते. वैद्याला स्वतःची नाडी कधी लागत नाही.

बायको येता-जाता बघत होती. एकदा ती थांबली. "आतून पाहिलंत का?"

"आतून कोण बघतंय?"

"बरं," ती म्हणाली. आयुष्यात इतके गोड 'बरं' भिंगरावांनी ऐकले नव्हते. तेव्हाच त्यांनी सावध व्हायला हवे होते.

रविवारी शेवटचा संस्कार राहिला होता. जाकीट दमलेले दिसत नव्हते. घासलेले दिसत होते, डागळलेले दिसत होते, पण आभाळात दमून आलेले दिसत नव्हते. भिंगरावांनी ते इमारतीच्या अंगणात पालथे घातले आणि त्यावरून स्कूटर नेली. मग वळवून पुन्हा आणली. सातव्या फेरीला वॉचमन उठून उभा राहिला. "साहेब, खाली कुणी आहे का?" त्याने विचारले. नाही म्हटल्यावर तो बसला, पण अर्धाच. वरून बाल्कनीतून सूर आला,

"मेलेलं जनावर पुन्हा पुन्हा मारितो,
वर म्हणे बाई, मी मामाचा वारसा राखितो."

भिंगरावांनी रागाने वर पाहिले आणि अकराव्या फेरीला चाक चामड्यावरून घसरले. जाकिटाला काही झाले नाही. भिंगरावांचे उजवे कोपर मात्र फरशीवर असे सोलवटले की पॉलिश पेपरला जमले नसते. बायकोने औषध लावून पट्टी बांधली. "हे बघा," ती म्हणाली, "एका बाजूला आलं ना खरचटलेलं? खरं असंच येतं." भिंगराव विव्हळत होते, त्यामुळे वाक्याकडे त्यांचे लक्ष गेले नाही.

सोमवारी ते कचेरीत पोचले तेव्हा साहेब दालनाच्या दारात उभे होते. त्यांच्याही अंगात तपकिरी जाकीट होते. तुकतुकीत, मऊ, शिवण न् शिवण जागेवर. भिंगरावांना मनातून हसू आले. हौस बघा. माझ्या जाकिटाचे ऐकले आणि बाजारात धावले.

"नवं घेतलंत वाटतं, साहेब?"

"हे? एकतीस वर्षांचं आहे," साहेब म्हणाले. "दर पावसाळ्यानंतर तेल लावतो. आभाळात आपल्याभोवती तेवढंच असतं, सांभाळावं लागतं. आणा, मामांचं बघू."

भिंगरावांनी पिशवीतून जाकीट काढले. साहेबांनी ते दोन्ही हातांवर घेतले. पाठीवरच्या पट्ट्यांवरून बोट फिरवले. "मामा... सुखरूप उतरले होते ना?" त्यांनी शेवटी विचारले.

तेवढ्यात दहा वाजले. साहेबांनी ऐकले होते की सोमवारी इथे वाचन असते. रीत त्यांना फार आवडली होती. त्यांनी जाकीट नेऊन टेबलाच्या मध्यभागी ठेवले. "कुणाचं ते सांगत नाही," ते म्हणाले. "वाचा."

भिंगराव काही बोलायला गेले. सगळ्यांनी एकदम ओठांवर बोट ठेवले. नियम म्हणजे नियम.

वाचायला पुढे झाली ती टाचणी. तिचे हे नाव भिंगरावांनीच ठेवले होते, कारण ती बारीक होती आणि जिथे टोचायचे तिथेच टोचत असे. सहा वर्षांपूर्वी ती विभागात आली तेव्हा भिंग कसे धरायचे ते त्यांनीच तिला शिकवले होते. आता तिने स्वतःचे भिंग काढले.

"दोन्ही कोपरं झिजलीत," ती म्हणाली. "पण सारखीच झिजलीत. माणूस दोन्ही कोपरांवर मापून रेलत नाही. शिवाय ओरखडे एकाच दिशेनं आहेत. पॉलिश पेपर. शंभर किंवा एकशेवीस."

"एकशेवीस," मागून कुणीतरी म्हणाले. शिष्य सगळेच तयार होते.

"खांद्यावरचे डाग चहाचे. सांडलेला चहा ओघळतो, हा ब्रशानं लावलाय, कडा सरळ आहे. कॉलर आतून स्वच्छ. तीस वर्षांत मान घामेजली नाही, म्हणजे एक तर माणसाला मान नव्हती किंवा तीस वर्षं नव्हती." ती जाकीट उलटे करत होती. "लेबल काढलंय, चार धाग्यांची टोकं अजून पांढरी आहेत. पाठीवर टायरचा ठसा. स्कूटरचा. अकरा वेळा. दुसऱ्या आणि तिसऱ्या रेघेच्या मध्ये टायरला चीर आहे."

ती जरा थांबली. खिडकीतून खाली उभ्या केलेल्या स्कूटरी दिसत होत्या. चार माना खिडकीकडे वळल्या, मग भिंगरावांच्या उजव्या कोपरावरच्या पट्टीकडे, मग कुठेच नाही. सगळ्यांना एकदम टेबलाच्या कडा फार बघण्यासारख्या वाटू लागल्या.

"आणखी?" साहेबांनी विचारले.

टाचणीचा आवाज खाली आला होता. तिला पुढचे वाचायचे नव्हते, पण तिला शिकवणाऱ्याने अर्धे वाचून थांबायला शिकवले नव्हते. "आतल्या खिशाचं तोंड कच्च्या टाक्यानं बंद आहे. दुकानात आकार बिघडू नये म्हणून घालतात तो टाका. हा खिसा अजून कुणी उघडलेलाच नाही." तिने टाका तोडला, आत दोन बोटे घातली आणि एक पांढरी पुडी बाहेर काढली, दमट हवा शोषून घेणारी. त्यावर गेल्या महिन्याची तारीख होती.

"निष्कर्ष?"

"खरी झीज कामाच्या जागी असते," टाचणी अगदी हळू म्हणाली, "खोटी झीज नजरेच्या जागी. दावा नामंजूर."

आता मालकाने बोलायचे असते. पण त्याआधीच साहेबांनी सगळ्यांना चहाला पाठवले आणि दार लोटले.

"मामा काय करत होते?"

"पॅराशूटच्या घड्या घालायचे," भिंगराव जमिनीकडे बघत म्हणाले. "वर कधी गेलेच नाहीत. त्यांना घेरी यायची."

साहेब खुर्चीत मागे टेकले. "मी एकदा उडी मारली आहे," ते म्हणाले. "एकदाच. इंजिन पेटलं होतं. त्या दिवशीच्या वैमानिकांतली अर्धी नावं मला आठवत नाहीत. पण ती घडी ज्यानं घातली होती, त्याच्या घरी मी दर वर्षी जातो. वैमानिक पुष्कळ असतात, भिंगराव. हे मंगळवारी सांगितलं असतंत, तर मी उभा राहून तुम्हाला चहा दिला असता."

खुर्ची टाचणीला मिळाली. खुर्चीचा पाय करकरत नव्हता. तेल चांगल्या हाताने घातले होते. भिंगरावांकडे नव्या भरतीला शिकवण्याचे काम आले, आणि साहेबांच्या हुकुमाने ते जाकीट शिकवणीच्या खोलीत खुंटीला लागले, खोट्या झिजेचा नमुना म्हणून.

घरी आल्यावर त्यांनी बायकोला विचारले, "आतल्या खिशाचं तुला माहीत होतं?"

"बुधवारीच," ती सुईत दोरा ओवत म्हणाली. "पण यातलं मला काय कळतं?"

शिकवणीच्या खोलीतले थंड हवेचे यंत्र नेमके शिकवणाऱ्याच्या खुर्चीवर वारा सोडी. दुसऱ्याच आठवड्यात भिंगरावांचा खांदा आखडला. आजूबाजूला कुणी नाही असे बघून त्यांनी खुंटीवरचे जाकीट काढून अंगावर घेतले. मग आजूबाजूला लोक असतानाही घेऊ लागले. त्यात मिरवण्यासारखे काही उरलेच नव्हते, त्यामुळे ते ऊब द्यायला मोकळे होते. सदऱ्याच्या खिशातले भिंग जाकिटाच्या उजव्या खिशात आले.

नऊ वर्षे गेली. आई गेली, तिच्या जागी खिडकीत ऊन बसू लागले. साहेब निवृत्त झाले. एका सोमवारी टाचणी वाचनाला येऊन बसली. भिंगरावांना वस्तू आणायचा विसर पडला होता, म्हणून त्यांनी अंगातले जाकीट काढून पाठीमागे खुंटीला लावण्याआधीच तिने ते घेतले आणि टेबलावर ठेवले. मग एक नवी मुलगी आत आली, त्याच सकाळी रुजू झालेली. तिने भिंग डोळ्याला लावले.

"झीज खरी आहे," ती म्हणाली. "डावं कोपर जास्त झिजलंय, माणूस डावीकडे कलून बसतो. उजव्या खिशात काहीतरी गोल आणि जड असतं, त्याचा उठाव आलाय. कॉलरला घाम आहे. आतल्या खिशाची कड बोटांनी मऊ झालीय, तिथं बहुतेक रुमाल असतो, चांगली घडी घातलेला. पाठीवर कसलेतरी पुसट पट्टे आहेत, ते मला नाही लागले. माणूस साधा असावा. मिरवायला घालत नसावा." तिने जाकीट खाली ठेवले. "वय तीस वर्षं तरी."

भिंगराव नियमाप्रमाणे गप्प होते.

"मालक, बोला," टाचणी म्हणाली.

भिंगरावांनी जाकीट ओढून घेतले. ते आता करकरत नव्हते. त्यांनी बाही नीट केली, मुलीकडे पाहिले आणि घसा साफ केला.

"नऊ वर्षं," ते म्हणाले. "पहिले पाच दिवस धरू नका."